जुने किसान कार्ड बंद करण्यापूर्वी

ट्रॅक्टर, गोठा, शेडनेट किंवा प्रक्रिया उद्योगाचा प्रस्ताव आमच्या कार्यालयातून पुढे जातो आणि बँकेत 'सिबिल' या एका शब्दावर अडतो, असा अनुभव आता गावोगावी येतो. थकबाकी असेल तर अडणे समजू शकते. पण ज्याने कधी हप्ता चुकवला नाही त्याचाही अंक कमी निघतो, तेव्हा तो शेतकरी बुचकळ्यात पडतो. यामागच्या कारणांपैकी एकाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ते म्हणजे कर्जखात्याचे वय.

आधी थोडी माहिती. सिबिल ही २००० साली स्थापन झालेली कंपनी आहे. आज देशात अशा चार कंपन्या असून २००५ च्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेची त्यांच्यावर देखरेख असते. बँका आपल्या कर्जांची माहिती या कंपन्यांना पाठवतात. त्यावरून प्रत्येकाचा पत अहवाल तयार होतो आणि ३०० ते ९०० च्या दरम्यान अंक पडतो. अहवालात प्रत्येक कर्जासमोर ते कधी उघडले, मर्यादा किती, बाकी किती आणि गेल्या ३६ महिन्यांत कोणत्या महिन्यात किती दिवस उशीर झाला, हे लिहिलेले असते.

यातली 'कधी उघडले' ही तारीख महत्त्वाची. सर्वांत जुने खाते किती वर्षांचे, सर्वांत नवे किती दिवसांचे आणि सगळ्यांचे सरासरी वय किती, हे त्यावरून कळते. बैल घेताना आपण दात पाहतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की बैलाचे वय वाढले की किंमत उतरते, खात्याचे वय वाढले की ती चढते. दुष्काळ, गारपीट, पडलेला भाव असं सगळं सोसून ज्याने दहा-बारा वर्षे व्यवहार सांभाळला, त्याच्यावर बँक अधिक भरवसा ठेवते. मला तरी हे गैर वाटत नाही. सावकारही हेच पाहत आला आहे.

हिशेब करून पाहा. एका शेतकऱ्याचे किसान कार्डाचे खाते १२ वर्षांचे आहे आणि ट्रॅक्टरचे कर्ज ४ वर्षांचे. सरासरी वय झाले ८ वर्षे. आता त्याने दुकानातून मोबाइल आणि टीव्ही अशा दोन वस्तू हप्त्यावर उचलल्या. खाती चार झाली, सरासरी आली ४ वर्षांवर. कर्ज बुडाले नाही, हप्ता चुकला नाही, तरी वय एका दिवसात निम्मे झाले. अंक नेमका कितीने उतरेल हे असे पैशा-पैशात मांडता येणार नाही, कारण कंपन्या आपले पूर्ण गणित उघड करत नाहीत. पण थोड्या दिवसांत तीन-चार ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले, तर त्या चौकशांचीही नोंद अहवालात होते, हे लक्षात असू द्या.

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ सालची. त्यामुळे आपल्याकडे अनेक घरांत सर्वांत जुने कर्जखाते हेच असते. इथे एक गल्लत होते. प्लास्टिकच्या कार्डाची मुदत संपली आणि नवे कार्ड आले, म्हणून खाते नवे होत नाही. वय मोजायचे ते खाते उघडल्यापासून. मात्र नूतनीकरणाच्या वेळी जुने खाते बंद करून नवा खाते क्रमांक दिला गेला, तर तिथे उघडल्याची तारीख नवी पडते. म्हणून मार्चअखेर 'नवं-जुनं' करताना शाखेत स्पष्ट विचारावे, "साहेब, खातं तेच राहणार ना?" सोनेतारणावर पीककर्ज घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की दरवर्षी जुने फेडून नवे घेतले की दरवर्षी नवे खाते तयार होते.

बचत खाते कितीही जुने असो, त्याचा इथे उपयोग नाही. एटीएम कार्डाचाही नाही. तसेच "आम्ही कधी कुणाचं देणं लागत नाही" असे अभिमानाने सांगणाऱ्या घरांची गंमत अशी, की त्यांच्या अहवालात पाहण्यासारखे काहीच नसते. गावच्या सोसायटीचे कर्जही अहवालात दिसतेच असे नाही. ते आधी पाहून घ्यावे.

ट्रॅक्टरचे कर्ज घ्यायच्या तोंडावर "एक भानगड कमी" म्हणून जुने किसान कार्ड बंद करू नका. बंद केल्याने नोंद दुसऱ्या दिवशी पुसली जात नाही. माहिती किमान सात वर्षे जपून ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. पण त्या खात्यात चांगल्या परतफेडीची नवी भर पडायची थांबते आणि पुढेमागे ती नोंद गेली, की आपण पुन्हा कोरे. शहरात नोकरीला असलेल्या मुलाच्या पहिल्या क्रेडिट कार्डालाही हेच लागू. वार्षिक फी जड जात असेल तर बिनफीचे कार्ड बदलून मिळते का आणि त्यात खात्याची जुनी तारीख राहते का, हे त्याने आधी बँकेला विचारावे.

याचा अर्थ वय वाढावे म्हणून गरज नसताना कर्ज वागवावे, असा नाही. अंकात मोठा वाटा वेळेवर परतफेडीचा. थकलेले जुने खाते हे वेळेवर फेडलेल्या नव्या खात्यापेक्षा वाईटच.

आता तलाठी, ग्रामसेवक आणि सोसायटीचे सचिव यांच्यासाठी. सातबारावरचा बोजा उतरला म्हणजे पत अहवालही दुरुस्त झाला, अशी लोकांची समजूत असते. हे दोन कागद पूर्णपणे वेगळे. फेरफार तलाठ्याकडे होतो, अहवालातली नोंद बँकेने कळवल्यावरच बदलते. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीत बसलेल्यांनी तर हे जरूर तपासावे. २०१७ च्या योजनेत दीड लाखावरच्या थकबाकीसाठी एकरकमी तडजोड होती. अशा खात्यापुढे 'बंद', 'तडजोड' की 'निर्लेखित' यांपैकी कोणता शेरा आहे, ते पाहा. शेवटचे दोन शेरे पुढच्या कर्जाला आडवे येतात. दाखला देताना सचिवांनी एवढे सांगितले तरी पुष्कळ हेलपाटे वाचतील.

पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असे मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावले होते. पण ते पीककर्जापुरते. ट्रॅक्टर, घर, मुलांचे शिक्षण यांच्या कर्जाला अहवाल पाहिला जातोच. जामीनदार म्हणून सही केली असेल तर तीही आपल्या अहवालात येते. पाहुण्याचा हप्ता थकला, की डाग आपल्यालाही.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन आणि मोबाइल क्रमांक टाकून तो काढता येतो. सेवा केंद्रावर काढून घेतलात तर अहवालाचे म्हणून पैसे देऊ नका, केंद्राची मेहनत तेवढी द्या. स्वतःचा अहवाल पाहिल्याने अंक घटत नाही. त्यात फेडलेले कर्ज बाकी दिसले, उघडल्याची तारीख चुकली किंवा दुसऱ्याच नावबंधूचे कर्ज चिकटले असेल, तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान पंधरा दिवसांतून एकदा माहिती कळवायची आहे, तेव्हा कर्ज फेडल्यावर महिनाभर थांबून पाहावे. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. म्हणून तक्रारीच्या पोचेवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका.