ई-मेलची पेटी : पॉप की आयमॅप?



ऊसबिलाचा तपशील आणि बँकेची पत्रे हल्ली बरेच सभासद ई-मेलवर मागवतात. त्यासोबत शेतकी खात्याकडे एक तक्रार वरचेवर येते : "पोराला मेल दिसतो, मला दिसत नाही." मेल गेलेला असतो, पोचलेलाही असतो. घोटाळा बहुधा पेटीतून टपाल उतरवून घेण्याच्या पद्धतीत असतो. या पद्धती दोन, पॉप आणि आयमॅप.

पुण्याची मंडई आपणा सर्वांच्या पायाखालची आहे. इमारत १८८६ सालची. (तिच्या खर्चाला महात्मा फुल्यांचा विरोध होता, पुढे नाव मात्र त्यांचेच लागले!) समजा, एका सभासदाच्या मुलाचा मंडईत फळांचा गाळा आहे आणि बापलेकांचा ई-मेल पत्ता एकच आहे. वडिलांचा मोबाईल गावी, मुलाचा संगणक पुण्यात.

पॉप म्हणजे गाळ्यावर आलेला माल टेम्पोत भरून घरी नेणे. संगणकाने मेल उतरवून घेतला आणि "सर्व्हरवर प्रत ठेवा" ही खूण केलेली नसेल, तर मागे गाळा रिकामा. वडिलांनी मोबाईल उघडला तर तिथे काहीच नाही. पुढे तो संगणक बिघडला तर बिलाचा कागद त्याच्याबरोबर गेला. आयमॅपमध्ये माल गाळ्यावरच राहतो आणि वही दोघांपुढे उघडी असते. एकाने वाचलेला मेल दुसऱ्याकडेही वाचलेला दिसतो. पाठवलेली उत्तरेही सहसा दोघांना दिसतात.

पॉप १९८४ चे, आयमॅप १९८६ चे. आयमॅप अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे मार्क क्रिस्पिन यांनी तयार केले. आपल्याकडे १९९५ साली इंटरनेट सर्वांना खुले झाले, तेव्हा टेलिफोनवरून जोडणी करावी लागे व वेळेप्रमाणे पैसे पडत. झटपट मेल उतरवायचा, फोन तोडायचा आणि मग सावकाश वाचायचा, याला पॉप सोयीचे होते. आजही एकच संगणक असेल आणि जुने टपाल स्वतःच्या ताब्यात ठेवायचे असेल तर पॉप वाईट नाही. पण घरात दोन मोबाईल आणि एक संगणक असला तर आम्ही आयमॅपच सांगतो.

आयमॅपचेही पथ्य आहे. एकाने मेल पुसला की तो सगळीकडून पुसला जातो, तेव्हा महत्त्वाचे कागद वेगळे उतरवून ठेवावेत. दुसरे म्हणजे, माल गाळ्यावरच राहिल्याने गाळा भरतो. जीमेलची फुकट जागा १५ जीबी, तीही फोटोंसकट. ती भरून गेली की नवीन मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. लग्नाचे व्हिडिओ साठवून बिलाचा मेल परत पाठवणारे महाभाग आहेत!

मोबाईलवर जीमेलचेच अॅप वापरत असाल तर हे काही निवडावे लागत नाही. संगणकावर थंडरबर्डसारखा प्रोग्राम असेल तर खाते जोडतानाच आयमॅप निवडा, पोर्ट ९९३. (पॉपचे ९९५.) आधी पॉप लावले असेल तर ते खाते घाईने काढू नका. शेजारी त्याच पत्त्याचे आयमॅप खाते जोडा, जुने मेल त्यात ओढून घ्या, ते मोबाईलवर दिसतात का पाहा, मगच पॉपचे खाते काढा. पासवर्ड मात्र कुणी कितीही ओळखीचा असला तरी त्याला सांगू नये, आमच्या गट कार्यालयातल्या माणसालासुद्धा नाही.