वाकळीचा फोटो आणि चाळीस हजारांचा कॅमेरा

परभणी जिल्ह्यात घरबसल्या हातानं वस्तू करणाऱ्या बाया कमी नाहीत. कुणी वाकळी शिवतं, बंजारा तांड्यांवर आभले-कवड्यांचं भरतकाम चालतं, शहरात क्रोशाची तोरणं, मण्यांचे दागिने, राख्या होतात. पूर्वी हा माल उरुसात, यात्रेत, नाहीतर बचत गटाच्या प्रदर्शनात विकला जायचा. गिऱ्हाईक तो उलटून-पालटून बघायचं, शिलाई ओढून बघायचं, मग घासाघीस करायचं. आता तेच गिऱ्हाईक पुण्यात बसून व्हॉट्सॲपवर फोटो बघतं आणि ठरवतं. त्यामुळे गटाच्या बैठकीत हमखास प्रश्न निघतो, "कोणता कॅमेरा घ्यावा?" दुकानदार, भाचा आणि यूट्यूब तीन वेगवेगळी उत्तरं देतात, पण खर्च करायचा यावर तिघांचंही एकमत असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हातात बऱ्यापैकी फोन असेल तर पहिले सहा महिने कॅमेरा घेऊच नये. त्या काळात उजेड, रंग आणि स्टँड एवढं जमवावं. त्यानंतरही काही अडलं, तर नेमकं काय अडलंय ते कळलेलं असतं आणि खरेदी डोळसपणे होते.

"डीएसएलआर घेतला की फोटो आपोआप चांगले येतात" हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. कॅनन १५००डीसारखा सुरुवातीचा कॅमेरा लेन्ससकट चाळीस हजारांच्या घरात जातो. त्याचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे फोनच्या सेन्सरच्या कितीतरी पट मोठा. मोठा सेन्सर कमी उजेडात जास्त प्रकाश गोळा करतो, म्हणून लग्नाच्या मांडवात, रात्रीच्या वरातीत तो कामाला येतो. तिथं माणसं हलत असतात, थांबा म्हणता येत नाही. टेबलावर ठेवलेल्या पिशवीला मात्र कुठंही जायचं नसतं. फोन स्टँडवर पक्का बसवला, तीन सेकंदांचा टायमर लावला, की शटर सावकाश उघडं राहून हवा तेवढा उजेड आत घेतं आणि हात हलल्यामुळे येणारी अंधुकता जाते. चांगला स्टँड काही शे रुपयांत मिळतो. फोनची एक खोड मात्र खरी आहे. तो स्वतःच्या अकलेनं फोटो 'तीक्ष्ण' करतो, आणि सुताच्या धाग्यांना कधीकधी प्लास्टिकसारखी कड येते.

मेगापिक्सेलचं भूत तर दुकानाच्या पाटीपासूनच मानगुटीवर बसतं. जरा हिशोब करू. ॲमेझॉनवर चित्र मोठं करून बघण्याची सोय चालायला त्याची लांब बाजू किमान १००० पिक्सेल लागते, आणि १६००च्या वर असावी असं सांगतात. १६०० गुणिले १६०० म्हणजे २५ लाख ६० हजार पिक्सेल, अडीच मेगापिक्सेलच्या थोडं वर. इन्स्टाग्राम साधारण १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो दाखवतं. व्हॉट्सॲप तर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो आवळून लहानच करतं. तिथं 'एचडी'चा पर्याय निवडावा, नाहीतर फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. म्हणजे २०१० साली आलेल्या नायकॉन डी३१००चे १४.२ मेगापिक्सेलसुद्धा या कामाला भरपूर झाले. फोनवर १०८ मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, पण तो फोन सहसा नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ५० मेगापिक्सेलवाला चार-चार एकत्र करून साडेबारावर येतो. पाटीवरचा आकडा खोटा नसतो, आपल्या उपयोगाचा नसतो एवढंच. स्वस्त फोनच्या पाठीवर जो २ मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' कॅमेरा असतो, तो तर नसल्यातच जमा. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यानं थोडं लांबून फोटो काढून कापून घ्यावा.

लांबून म्हणण्याला आणखी एक कारण आहे. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. वस्तूला नाक लावून फोटो काढला की पुढची बाजू फुगते आणि मागची आखडते. गोल टोपली अंड्यासारखी दिसते, आयताकृती बटवा वरून रुंद होतो. दोन-तीन फूट मागं सरून दुप्पट झूम केला की आकार जागेवर येतो.

"आपल्याकडं उजेडाला काय तोटा?" परभणीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. पण कडक ऊन आणि चांगला उजेड या दोन वेगळ्या गोष्टी. परभणी सव्वाएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या उन्हात अंगणात वस्तू ठेवली की वरचा भाग पांढराफटक आणि खालची सावली काळीकुट्ट. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलवत नाही, मग तो चाळीस हजारांचा असो की लाखाचा.

म्हणून उत्तरेची खिडकी घ्या, असा सल्ला सगळी पुस्तकं आणि व्हिडिओ देतात. तो बराचसा बरोबर आहे, पण थंड देशांतून जसाच्या तसा उचललेला आहे. तिकडं दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडं कललेला, त्यामुळे उत्तरेकडून मऊ, एकसारखा उजेड येतो. आपल्याकडं मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यच उत्तरेच्या बाजूला असतो! दुपारी तो इतका उंच असतो की सज्ज्यामुळे आत शिरत नाही. पण उन्हाळ्यात तो उगवतो आणि मावळतोही उत्तरेकडं सरकून, तेव्हा सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं त्याच खिडकीतून थेट टेबलावर येतात. त्या दिवसांत खिडकीला जुनं पांढरं धोतर किंवा बटर पेपर लावायचा. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलची शीट उभी करायची, म्हणजे सावलीच्या भागात उजेड परत फिरतो. ढगाळ श्रावणात यातलं काहीच लागत नाही.

वाकळीचं उदाहरण घ्या. वाकळीची किंमत तिच्या धावदोऱ्यात असते. एकेका टाक्यानं जुन्या लुगड्यांचे थर ओढले जातात आणि कापडावर बारीक लाटा उठतात. फोनचा फ्लॅश समोरून मारला की त्या लाटा नाहीशा होतात आणि वाकळ छापील चादरीसारखी दिसते. तीच वाकळ दारातून येणाऱ्या तिरप्या उजेडात पसरली, दिवा बंद केला, की प्रत्येक टाक्याच्या कडेला केसाएवढी सावली पडते आणि हातशिलाई ओरडून सांगावी लागत नाही.

बंजारा भरतकामाचा त्रास वेगळाच. त्यातले आभले आरसेच असतात. फ्लॅश मारला तर पांढरे भगभगीत ठिपके येतात, नाही मारला तर प्रत्येक आभल्यात फोन धरलेला माणूस, मागचा पंखा आणि दोरीवरचे कपडे दिसतात. इथं महागड्या लेन्सचा काही उपयोग नाही. काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडायचं, ते कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि किंचित तिरकं उभं राहायचं. आभल्यांत काळं कापड दिसतं आणि ते शांत होतात. सगळेच काळे झाले तरी काम मेल्यासारखं दिसतं, म्हणून एका बाजूनं थर्माकोलचा पांढरा तुकडा दाखवत दोन-चार आभले चमकते ठेवायचे.

रंगाबद्दलचा गैरसमज मात्र पैसे परत करायला लावतो. "कॅमेरा जे आहे तेच दाखवतो" असं आपण धरून चालतो. कॅमेरा अंदाज करतो. खिडकीचा निळसर उजेड आणि ट्यूबचा हिरवट उजेड एकत्र आले की त्याचा अंदाज चुकतो. भिंत पोपटी असेल तर पांढऱ्या क्रोशालाही पोपटी झाक येते. म्हणून फोटोच्या वेळी एकच उजेड ठेवावा, खिडकी तर खिडकी, दिवा तर दिवा. दिवा घ्यायचा तर खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा गुण, ९०च्या वर आहे का बघावं. स्वस्तातले एलईडी बल्ब बहुधा ऐंशीच्या आसपास असतात. त्यातही गंमत अशी की सीआरआयचा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवर निघतो आणि गडद लाल त्यात नसतोच. लालाचा गुण आर-९ म्हणून वेगळा लिहितात. ज्यांच्या कामात लाल रंगच जास्त, त्यांनी हा आकडा जरूर विचारावा, नाहीतर सरळ खिडकीशी बसावं. गडद लाल आणखी एका कारणानं फसतो. फोटो थोडा जरी जास्त उजळला की लालातले टाके एकमेकांत मिसळून नुसता डाग उरतो. पडद्यावर त्या लालावर बोट ठेवून उजेड जरा खाली ओढायचा. पांढऱ्याचं नेमकं उलटं. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्या कार्डशीटवरचं पांढरं तोरण मळकट येतं. तिथं उजेड वर ओढायचा.

फिल्टर लावून रंग खुलवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्याची जाहिरात मालाच्या खऱ्या गुणांशी जुळली पाहिजे, आणि दाखवलं एक, पाठवलं दुसरं असं झालं तर माल परत घ्यायला नकार देता येत नाही. जाण्या-येण्याचं कुरिअर बहुतेक वेळा करणारणीच्याच अंगावर पडतं.

"मागचं धूसर दिसलं म्हणजे प्रोफेशनल." माणसाच्या फोटोत ठीक. वस्तूच्या फोटोत मात्र १५००डीसारख्या क्रॉप सेन्सरच्या डीएसएलआरला ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावून अर्ध्या मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा मिलिमीटरचा असतो. बटव्याची नाडी स्पष्ट आणि बटवा धूसर! लेन्सचं छिद्र लहान करून एफ ८ वर आणलं की हाच पट्टा अडीच सेंटीमीटरच्या पुढं जातो. फोनचा 'पोर्ट्रेट' मोड तर तोरणाचे लटकन आणि गोंडे चक्क मागच्या भिंतीत मिसळून टाकतो.

मग कॅमेरा कुणी घ्यावा? ज्यांचा माल बारीक आहे, मण्यांचे डूल, कवड्यांचे दागिने, आणि ज्यांना रोज पाच-पन्नास नग त्याच रंगात, त्याच मापात दाखवायचे आहेत, त्यांनी. छिद्र, शटर आणि रंगाचा समतोल एकदा पक्का केला की दिवसभर फोटो सारखे येतात, हा कॅमेऱ्याचा खरा फायदा. "दागिन्यांना मॅक्रो लेन्स लागतेच" हेही पूर्ण खरं नाही. कॅननची साधी ५० मिलिमीटर एफ १.८ एसटीएम लेन्स ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. २४ मेगापिक्सेलच्या १५००डीवर तेवढ्या अंतरावरून दोन सेंटीमीटरचा डूल साधारण ११०० पिक्सेल उंच येतो, म्हणजे ॲमेझॉनवर मोठा करून बघण्यापुरता. फासाचं बारीक काम दाखवायचं असेल तेव्हा मॅक्रोचा विचार करावा.

आणि कॅमेरा नवाच हवा असंही नाही. लग्नाचे फोटोग्राफर मिररलेस कॅमेऱ्यांकडं वळलेत, त्यांचे जुने डीएसएलआर निम्म्या किमतीतसुद्धा मिळून जातात. घेताना शटर किती वेळा चाललंय ते विचारावं. नायकॉननं डी७२००चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे, आणि लग्नाच्या हंगामात हजारोंचा आकडा सहज उडतो. लेन्स उजेडाकडं धरून टॉर्चनं आतून बघावी. जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, सौदा तिथंच सोडावा. मग पांढऱ्या कागदाचा एक फोटो एफ १६ वर काढून मोठा करून बघावा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, फक्त साफ करायचा खर्च भाव ठरवतानाच कापून घ्यावा.