पायांनी मारलेली गाठ

आज कवायतीऐवजी नाचाबद्दल बोलू. फौजी माणसाला दोन्हींत फारसं अंतर दिसत नाही.

मेक्सिकोतल्या काही विद्यापीठांची स्वतःची लोकनृत्य पथकं आहेत. व्हेराक्रूझ विद्यापीठाचं पथक १९६४ पासूनचं. त्यांचे कार्यक्रम मी कोरमंगलातल्या आमच्या मराठी मंडळींना दाखवले, तर पहिला प्रश्न आला, “हे सगळे एकाच देशातले नाच?” हो. आपली लावणी, कोळीनृत्य आणि लेझीम एकमेकांपासून जेवढी वेगळी, तेवढेच तेही. हालिस्को प्रांताचे घेरदार रंगीत घागरे वेगळे. मिचोआकानची तऱ्हा वेगळी, तिथे तरुण पोरं म्हाताऱ्यांचे मुखवटे लावून काठी टेकत नाचतात. आणि व्हेराक्रूझचा पांढराशुभ्र पोशाख.

त्यातला ‘ला बांबा’ बघाच. जोडीच्या पायाशी एक लांब फीत टाकतात. हात न लावता, ताल न सोडता, दोघं पायांनीच तिची गाठ मारतात. गोव्यातला किंवा कोकणातला गोफ पाहिलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल. गोफात वर टांगलेल्या दोऱ्या नाचता नाचता विणायच्या आणि उलट फेऱ्या घेऊन उलगडायच्या. एकाचं पाऊल चुकलं की सगळ्यांचा गुंता.

खरी मेख पुढेच आहे. गावात हा नाच ‘फांदांगो’ नावाच्या मेळाव्यात होतो. मधोमध लाकडी फळ्यांचा पोकळ चौथरा, त्याला ‘तारिमा’ म्हणतात. भोवती वादक. नाचणारे पाळीपाळीने वर चढतात, दमले की उतरतात. टाचांचा आवाज हेच त्यांचं तालवाद्य. रंगमंचावर मात्र कितीतरी जोड्या एकदम, सरळ रांगेत. अमालिया एर्नांदेस यांनी १९५२ साली काढलेल्या कंपनीने ही रंगमंचीय शैली जगभर नेली. देखणी आहे, आणि रांगा मला आवडणारच! पण गावात नाचणाऱ्याला स्वतःची पाळी असते, इथे नेमून दिलेली जागा.

विद्यापीठाच्या पथकात मुलं दर दोन-चार वर्षांनी बदलतात. गावच्या जाणत्यांकडे जाऊन शिकली नाहीत, तर मागच्या तुकडीची नक्कल तेवढी उरते. मुंबई विद्यापीठात २००४ साली लोककला अकादमी सुरू झाली. तमाशा, भारूड, गोंधळ वर्गात आणायचा म्हटला की तिथेही हीच अडचण.

म्हणून कार्यक्रम बघताना मी आधी वादक शोधतो. गाणं ध्वनिमुद्रित असेल तर पाय त्याच्यामागे धावतात. वादक समोर असले, तर गाठ नीट बसेपर्यंत एखादं आवर्तन जास्त वाजवता येतं.