गुलाबी बोंडअळी आणि शेजाऱ्याचा हक्क

पवित्र कुरआनातील तीन सूरांना बिनकण्याच्या लहानग्या जीवांची नावे आहेत : नहल म्हणजे मधमाशी, नम्ल म्हणजे मुंगी आणि अन्कबूत म्हणजे कोळी. लहान जीवाकडे लक्ष देऊन पाहावे, हे आपल्याला नवे नाही. पांझरेकाठच्या देवपुरात राहणाऱ्या आम्हा मंडळींना आज पाहायला हवी ती गुलाबी बोंडअळी. धुळे-जळगावचे नगदी पीक कापूस. शेतकरी, वेचणाऱ्या मजूर भगिनी, जिनिंगवाले आणि गाद्या-रजया भरणारे आपले पिंजारी बांधव, साऱ्यांची भाकरी त्यावर आहे.

या किडीचे शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये भारतातल्याच नमुन्यांवरून झाले. मादी पतंग पात्या, फुले आणि बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि लगेच बोंडात शिरते. शिरल्याचे छिद्र बुजून जाते. आत ती सरकी खाते. वरून बोंड हिरवेगार, आतला कापूस मात्र डागाळलेला. न उमललेली, गुलाबासारखी मिटलेली फुले म्हणजे डोमकळ्या, ही तिची पहिली खूण. साधारण महिनाभरात एक पिढी पुरी होते.

२००२ मध्ये बीटी कापूस आला. मातीतल्या एका जिवाणूचे अळीला मारक ठरणारे प्रथिन त्याच्या झाडातच तयार होते. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. बीटीच्या ४५० ग्रॅम पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे मिळे. ते कडेने लावायचे, म्हणजे तिथे वाढलेले पतंग बीटी पचवणाऱ्या पतंगांशी संकर करतील आणि ती ताकद पुढच्या पिढीत पसरणार नाही. बहुतेकांनी ते पेरलेच नाही. अळी बीटीला सरावली आणि २०१७ च्या हंगामात राज्यभर बोंडे पोखरली गेली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. बोंडात बसलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही, हे ध्यानात घेतले तर नुसता फवारा वाढवून काय साधणार?

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसह सर्व तज्ज्ञांचा सल्ला अळीच्या जीवनक्रमावर बेतलेला आहे. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. हंगामाच्या शेवटी ती सरकीत किंवा सुकलेल्या बोंडात सुप्तावस्थेत जाते आणि नव्या पिकाची वाट पाहते. म्हणून डिसेंबरअखेर पीक संपवावे, फरदड घेऊ नये आणि जूनपूर्वी लागवड करू नये. मधल्या काळात तिला अन्न मिळता कामा नये. हंगामात हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. मादीच्या गंधाला भुलून नर त्यात अडकतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले, तर उपाय करण्याची वेळ झाली असे समजावे.

यात घरातल्या भगिनींचाही वाटा आहे. चुलीसाठी अंगणात रचलेल्या पऱ्हाट्यांना किडकी बोंडे लटकलेली असतात. त्यांतूनच पुढच्या वर्षीचे पतंग निघतात. ती बोंडे तोडून जाळावीत आणि पावसाळ्यापूर्वी ढीग संपवावा. घरात कापूस फार दिवस साठवू नये.

अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर केले. बीटी वाण, गंधसापळे, वांझ केलेले पतंग सोडणे आणि वेळेवर शेत मोकळे करणे हे सारे तिथे शेतकऱ्यांनी मिळून, वर्षानुवर्षे केले.

पतंगाला बांध कळत नाही. एकाने फरदड ठेवली की त्याच्या चार क्विंटलांची किंमत सारे शिवार मोजते. आपल्या दीनने शेजाऱ्याच्या हक्काला केवढे मोठे स्थान दिले आहे! तो हक्क भिंतीपाशी संपत नाही, बांधापलीकडेही जातो. गावच्या मशिदीत जुम्याला सारे जमतात. नमाजनंतर पाच मिनिटे थांबून शेत मोकळे करण्याची एक तारीख ठरवली आणि ती बिरादरीबाहेरच्या शेजाऱ्यांनाही कळवली, तर पुढच्या हंगामाची निम्मी लढाई तिथेच जिंकता येईल.