क्रूझवरचा एक निवांत दिवस

कॅरेबियन समुद्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधात येतो. तिथे हिवाळ्यातही हवा उबदार असते. म्हणून अमेरिकेतल्या मायामी बंदरातून पर्यटक क्रूझने तिकडे जातात. २०२४ मध्ये सुरू झालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज सुमारे ३६५ मीटर लांब आहे. त्यावर २० मजले आणि ७ जलतरण तलाव आहेत!

ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदरात थांबत नाही, तो दिवस खरा आरामाचा. डेकवर खुर्चीत बसा, पुस्तक वाचा, निळं पाणी बघा. टोपी मात्र हवीच. व्यापारी वाऱ्यांमुळे ऊन जाणवत नाही, पण त्वचा भाजते.

हा आराम आपोआप मिळतो का? नाही. अशा जहाजांवर समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून गोडं पाणी तयार करतात. जहाज डुलू नये म्हणून पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखी पाती असतात. शिवाय आचारी, सफाई कामगार, इंजिनीअर असे सुमारे २३५० कर्मचारी राबतात. क्रूझवर काम करणारी गोव्याची कितीतरी माणसं महिनोन्‌महिने घरापासून लांब राहतात.

एकाच्या सुट्टीमागे दुसऱ्याचं काम असतं. तुमच्या घरी रविवारी कोण राबतं? बघा आणि वहीत पाच ओळी लिहा.