केकवरील नक्षी आणि घरांतील घड्याळ

नागपूरच्या रामदासपेठेंत सेंट्रल बाजार रस्त्यानें किंवा कॅनॉल रस्त्यानें जाणाऱ्याच्या नजरेंत प्रथम भरतात त्या रुग्णालयांच्या आणि डॉक्टरांच्या पाट्या. त्यांच्या मागें जुने बंगले आहेत, बंगल्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या सदनिका आहेत, आणि त्यांतील कांहीं स्वयंपाकघरांत अलीकडे एका नव्या छंदानें जागा मिळविली आहे. हा छंद म्हणजे केक सजविण्याचा. २०२० सालच्या टाळेबंदींत बाहेरचें खाणें थांबलें, पण वाढदिवस कांहीं थांबले नाहींत. तेव्हां अनेक सुशिक्षित घरांतून कपाटावर पडलेले ओव्हन खालीं उतरले. टाळेबंदी उठली आणि छंद राहिला.

तो राहिला हें चांगलेंच झालें. परंतु त्याबरोबर एक तक्रारही ऐकूं येते. रात्रीचे अकरा वाजले तरी ओटा रिकामा होत नाहीं, फ्रिजमध्यें दुधाच्या पातेल्याला जागा नाहीं, आणि ज्या मुलाच्या वाढदिवसासाठीं हें सारें आरंभिलें तें मूल कंटाळून झोपीं गेलें आहे. तक्रार करणाऱ्यांचें केकशीं वैर नसतें. त्यांना वेळेवर जेवण आणि जेवतांना समोर बसलेलें माणूस हवें असतें. या दोहोंचा मेळ कसा बसेल, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

वास्तविक साखरेची नक्षी मराठी घराला नवी नाहीं. संक्रांत जवळ आली कीं पूर्वीं घरोघर शेगडीवर परात चढे. परातींत तीळ, खसखस, साबुदाणा, लवंग, शेंगदाणे असें कांहीं घालून त्यावर साखरेचा पाक चमच्याचमच्यानें टाकावयाचा आणि दाणे बोटांनीं सारखे हलवीत राहावयाचें. एक थर सुकला कीं दुसरा. असे कित्येक थर बसावे तेव्हां दाणा भरे, आणि पहाटेची कोरडी थंडी मिळाली तर त्यावर टोंकदार कांटा उभा राही. या हलव्याचे पुढें दागिने होत: हार, बाजूबंद, मुकुट, मंगळसूत्र. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीस आणि तान्ह्या मुलाला बोरन्हाणास ते घालावयाचे. बोटांना चटके बसत, डोळ्यांना ताण पडे, दिवसामागून दिवस जात. तरीही, 'हें काय आरंभिलें आहे' असें त्या बाईला कोणी विचारीत नसे. सासूबाई स्वतः परातीपाशीं येऊन बसत आणि घरांतील मुलें दाणे निवडीत.

असें कां होई, याचा विचार करण्याजोगा आहे. हलव्याला ऋतूची मर्यादा होती. थंडी पडल्याखेरीज कांटा येत नसे, आणि संक्रांत झाल्यावर दागिन्यांना प्रयोजन उरत नसे. विवाहांतील रुखवताचीही गोष्ट तीच. नक्षीच्या करंज्या, साखरेचीं चित्रें, रंगविलेले नारळ हें सारें एका लग्नापुरतें. लग्न पार पडलें कीं घर पुन्हां नित्याच्या वळणावर येई. घरानें त्या कलेला वेळ दिला, कारण तो वेळ केव्हां संपेल हें घराला ठाऊक होतें.

केकला असें पंचांग नाहीं. वाढदिवस बारा महिने येतात आणि आतां त्यांत लग्नाचे वाढदिवस, डोहाळेजेवण, बारसें, निवृत्तिसमारंभ यांचीही भर पडली आहे. जेथें ऋतु मर्यादा घालीत नाहीं तेथें ती माणसानें घालावी लागते, आणि नेमकी तीच घालण्याचें राहून जातें. विलायतेंत १९४० सालीं साखरेच्या टंचाईमुळें सरकारनेंच केकवर साखर चढविण्यास बंदी केली होती. तेव्हां लग्नाच्या साध्या केकवर पुठ्ठ्याचें नक्षीदार झांकण ठेवून लोकांनीं हौस भागविली. इतकी कडक मर्यादा कोणी मागत नाहीं! परंतु ती कोठें घालावी हें ठरविण्यासाठीं केकवर चढणाऱ्या पदार्थांचे स्वभाव ठाऊक असले पाहिजेत.

पहिला पदार्थ लोणी आणि पिठीसाखर फेंटून केलेलें क्रीम. लोणी २० अंशांच्या सुमारास मऊ होऊं लागतें आणि ३२ ते ३५ अंशांत वितळतें. नागपूरचें मे महिन्यांतील सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढें असतें. २३ मे २०१३ रोजीं तर तें ४७.९ अंशांवर गेलें होतें. तेव्हां लोण्याच्या गुलाबाचें काय होईल हें सांगावयास नको. दुसरा पदार्थ चॉकलेट आणि साय यांचें मिश्रण, ज्याला गनाश म्हणतात. सामान्यतः काळ्या चॉकलेटचे दोन भाग व सायीचा एक, आणि पांढऱ्याचे तीन भाग व सायीचा एक असें प्रमाण धरतात; उन्हाळ्यांत चॉकलेट आणखी वाढवावें लागतें. तिसरा पदार्थ फाँडंट. ही साखरेची मळलेली कणीकच होय. ती पोळीसारखी लाटून केकवर पसरतात. चौथा पदार्थ रॉयल आयसिंग, म्हणजे अंड्यांतील पांढऱ्या भागांत पिठीसाखर फेंटून केलेला लेप. तो सुकला कीं दगडासारखा कठीण होतो. व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या विवाहांतील केकवर अशाच पांढऱ्या साखरेचें काम होतें.

पैकीं पहिल्या दोघांना उष्णता सोसत नाहीं आणि मागच्या दोघांना ओलावा. फाँडंटनें मढविलेला केक फ्रिजमधून काढून दमट हवेंत ठेवला कीं त्याला घाम फुटतो. रॉयल आयसिंगचीं फुलें पावसाळ्यांत चिकट होतात. आतां नागपूरची अडचण अशी कीं, उन्हाळ्यांत येथील घरें कूलरवर जगतात, आणि कूलर खोली थंड करतो तो पाण्याच्या ओलाव्यानेंच. म्हणजे लोणी वांचवावें तर साखर ओली होते. पंखा लावावा तर पिठीसाखर उडते आणि लाटलेल्या फाँडंटला भेगा पडतात. उपाय एकच राहतो, एअर कंडिशनरची खोली. ती खोली बहुधा आजोबांची असते, नाहीं तर परीक्षा देणाऱ्या मुलाची. घरांतील कुरबुरीचा उगम पुष्कळदां येथें सांपडतो. स्वभावाला दोष देण्यापूर्वीं हवामानाकडे पाहिलें तर बरें.

दुसरा उगम फ्रिजचा. स्निग्ध पदार्थ वास फार लवकर ओढून घेतात. लसणाची चटणी, हिंगाची फोडणी दिलेलें वरण आणि उघडें क्रीम हीं एका रात्रीसाठीं जरी एकत्र राहिलीं तरी सकाळीं पाहुण्यांना तें सांगावें लागत नाहीं. म्हणून एक कप्पा केकचा, आणि तो एकच, असा ठराव घरांत आधीं झालेला असावा. डबा घट्ट झांकणाचा हवा. कप्पा ठरला म्हणजे एका वेळीं किती केक स्वीकारावयाचे तेंही आपोआप ठरतें.

तिसरा आणि सर्वांत मोठा वाद वेळेचा. या कलेंतील पुष्कळसा वेळ हाताच्या कामाचा नसून वाट पाहण्याचा असतो, हें नवशिक्या हातांच्या ध्यानीं येत नाहीं. केक भाजला जाण्याची वाट, निवण्याची वाट, गनाश घट्ट होण्याची वाट, फुलें सुकण्याची वाट. हीं सारीं कामें एका रात्रींत कोंबलीं तर रात्र पुरत नाहीं. चार दिवसांवर पसरलीं तर घराला त्यांचा पत्ताही लागत नाहीं. समजा, रविवारीं संध्याकाळीं एक किलोचा केक हवा आहे. त्यावरील साखरेचीं फुलें दोनतीन आठवडे आधींच, दुपारच्या जेवणानंतरच्या अर्ध्याअर्ध्या तासांत होऊं शकतात. कोरड्या डब्यांत तीं दीर्घकाळ टिकतात. शुक्रवारीं रात्रीं सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर केक भाजावा. तो ओव्हनमध्यें असतां कोणीं समोर उभें राहण्याची गरज नसते. शनिवारीं दुपारीं थर लावून गनाशचा लेप द्यावा. रविवारीं सकाळीं वरचें आवरण आणि फुलें. दुपारीं चारला काम संपलेलें असावें.

संध्याकाळचे सहा ते नऊ हे तास मात्र केकला देऊं नयेत. शाळेंतून आणि कामावरून परतलेलीं माणसें त्याच वेळीं एकमेकांच्या दृष्टीस पडतात. ज्या घरांतील कोणी रुग्णालयांतून रात्रीं साडेनवाला परततो, आणि रामदासपेठेंत अशीं घरें थोडीं नाहींत, तेथें हे तीन तास पुढें सरकतील. पण ते असावेत.

सरावाचा प्रश्न निराळा. हात बसण्यासाठीं शेंकडों पाकळ्या काढाव्या लागतात, आणि त्या प्रत्येक वेळीं केकवर काढल्या तर त्या खावयाच्या कोणीं? घरांत साखरेचा विकार असलेलें एखादें वडील माणूस बहुधा असतेंच, आणि 'एवढासा तुकडा' त्याच्या ताटांत पडतो. यासाठीं पालथी थाळी हें उत्तम साधन. वनस्पती तूप व पिठीसाखर फेंटून थाळीवर नक्षी काढावी, सुरीनें खरवडून पुन्हां भांड्यांत घ्यावी आणि पुन्हां काढावी. एका वाटी मिश्रणावर आठवडाभर हात चालतो. लहान मुलांच्या हातीं या वेळीं एक पिशवी द्यावी; जमीन चिकट होईल, पण मूल जवळ राहील.

छंदाला मागणी येऊं लागली कीं पैशाचा विषय निघतो. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यानेंही २००६ सालच्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याप्रमाणें नोंदणी करणें आवश्यक आहे, हें कित्येकांच्या गांवींही नसतें. त्याहून दुर्लक्षित राहतें तें तासांचें गणित. समजा, केक ९०० रुपयांस विकला, सामान ४५० रुपयांचें लागलें आणि काम सहा तासांचें झालें, तर तासाला ७५ रुपये पडले. विजेचा खर्च अजून धरलाच नाहीं. हा हिशेब वहींत मांडला असतां कोणती मागणी नाकारावी हें गृहिणीला स्वच्छ दिसतें. शिवाय घरांतील इतरांनाही तें दिसतें, आणि 'तुझें तें केकचें' हा शब्दप्रयोग हळूहळू बंद होतो. पैसा आला तरच कामाला मान, ही वृत्ति मात्र कोत्या मनाची म्हटली पाहिजे. हलव्याला कोठें पैसा मिळत होता?

पुण्यांतील प्राची धबल देब यांचें नांव या संदर्भांत वारंवार घेतलें जातें. ब्रिटिश राजघराण्यासाठीं केक सजविणारे एडी स्पेन्स यांच्याकडे त्यांनीं शिक्षण घेतलें, अंड्याशिवाय रॉयल आयसिंग करण्यांत प्रावीण्य मिळविलें, आणि १०० किलो वजनाच्या त्यांच्या मिलान कॅथेड्रलच्या प्रतिकृतीची नोंद २०२२ सालीं लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सनें केली. हें काम थोर आहे. पण तो पूर्ण वेळचा व्यवसाय आहे. दोन मुलांचे डबे भरून उरलेल्या दुपारींत तें माप लावणें हा स्वतःवर अन्याय होय.

राहतां राहिला मे महिना. विदर्भांतील शाळा जूनच्या अखेरीपर्यंत बंद असतात, घरांत पाहुणे असतात, लोणी ओट्यावर टिकत नाहीं. या महिन्यांत क्रीमच्या केकची मागणी घेऊं नये हें उत्तम. मात्र त्याच दिवसांची कोरडी हवा साखरेच्या फुलांना फार मानवते. कूलरपासून दूर, मागच्या खोलींत ताटावर कागद पसरून पाकळ्या मांडाव्या. न वापरलेला गोळा ओल्या फडक्याखालीं झांकावा, नाहीं तर तो पाहतां पाहतां कडक होतो. पाकळ्या संध्याकाळपर्यंत खडखडीत होतात. पावसाला सुरुवात होण्यापूर्वीं त्या हवाबंद डब्यांत गेल्या पाहिजेत, आणि डब्यावर तारीख घालावी.