मधल्या स्वरांची चाळणी

दिवाळी सरली की सिंधुदुर्गात जत्रांचा आणि ऑर्केस्ट्रांचा हंगाम लागतो. मालवणच्या किनाऱ्यावर हे कार्यक्रम ऐकताना मला एक प्रश्न नेहमी पडे. गिटार तीच, वाजवणारा तोच. मग अ‍ॅम्प्लिफायर बदलताच सूर परका का वाटतो? दोन्हीकडे बास-ट्रेबलची बटणे तर मध्यावरच असतात.

उत्तर त्या बटणांमागच्या जोडणीत आहे. कपॅसिटर तीव्र स्वरांना सहज वाट देतो, खर्जाला अडवतो. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या 1950च्या दशकाअखेरच्या ‘बासमन’मध्ये ट्रेबलसाठी अवघा 250 पिकोफॅरडचा कपॅसिटर होता, बासच्या वाटेवरचा त्याच्या ऐंशी पट मोठा. या दोन वाटांच्या मध्ये मधले स्वर गळतात. म्हणून सगळी बटणे मध्यावर ठेवली तरी साधारण 400 ते 700 हर्ट्झच्या पट्ट्यात खळगा पडतो. ही जोडणी कुठलाच स्वर वाढवत नाही, केवळ चाळते. गेलेला जोर पुढचा व्हॉल्व्ह भरून काढतो. शिवाय बटणे एकमेकांत गुंतलेली असतात. एक फिरवले की दुसऱ्याचा परिणामही बदलतो.

लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हीच जोडणी उचलली गेली. पुढे तिथे 56 किलोओहमचा रेझिस्टर 33चा झाला, ट्रेबलचा कपॅसिटर दुप्पट झाला. खळगा उथळ झाला, मधले स्वर पुढे आले. रॉक संगीताच्या भरदार आवाजात या दोन स्वस्त सुट्या भागांचाही वाटा आहे.

सभेच्या आणि घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची परंपरा वेगळी. पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज अभियंत्याने 1952 साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात मांडलेल्या रचनेत बटण मध्यावर म्हणजे आवाज जसाच्या तसा; तिथून वाढवता येतो, घटवताही येतो. गिटार थेट अशा यंत्राला जोडली की ओळखीचा खळगा नाहीसा होतो आणि सूर बोथट वाटतो. त्यातच गिटारचा बारा इंची स्पीकर सुमारे 5000 हर्ट्झच्या वरचे स्वर गाळतो, सभेचा स्पीकर ते तसेच सोडतो. म्हणून बोथटपणाच्या जोडीला करकरही येते. बास किंचित वाढवून ट्रेबल आवरावा. उलट गिटारच्या फेंडर पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरवर पेटी किंवा गळा लावायचा असेल, तर बास-ट्रेबल शून्यावर आणि मिडल पूर्ण ठेवावा. आवाज जवळजवळ सरळ येतो.

हा नुसता चोखंदळपणा नव्हे. दशावतारात गिटार नसते. पेटी, मृदंग, झांज असतात आणि संवाद उत्स्फूर्त असतात. शब्दांतली व्यंजने मुख्यतः 2000 ते 4000 हर्ट्झच्या आसपास स्पष्ट होतात. मृदंग घुमावा म्हणून बास चढवला की खर्ज त्यांना झाकून टाकतो. छापील संहिता नसलेल्या नाटकातला तो शब्द त्या रात्री ऐकू आला नाही, तर नंतर कुठे वाचायलाही मिळत नाही. म्हणून बटणावरचा हात कानाच्या ताब्यात हवा, आणि त्या कानाने मागच्या रांगेत जाऊन एकदा ऐकून यायला हवे.